विचारणारं माणूस

वाणगाव स्टेशनावरून चिंचणीला आणि तिथून किनाऱ्याच्या रस्त्याने डहाणूकडे निघालं की वरोर लागतं. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला वाड्या आणि भातखाचरं. मोसमात वलांड्यांवर बोंबील वाळत असतात, त्यांचा वास वेशीच्या आधीच येऊन भेटतो. किनाऱ्यावर जाळी दुरुस्त करणारे हात दिसतात. आत घरांच्या पडव्यांत दिव्याच्या उजेडात पोलादी ठशांवर सोन्याच्या दागिन्यांची नक्षी कोरणारे डायमेकर बसलेले असतात. चिंचणी, वरोर, वाढवण या पट्ट्यातल्या कितीतरी घरांची चूल या कोरीव कामावर पेटते. मासे, शेती आणि डाय या तिन्ही कमाया लहरी आहेत. जून आणि जुलैत मासेमारी बंद असते, सराफ बाजार थंडावला की डायचं काम थांबतं, आणि शेती पावसाच्या भरवशावर. पैसा येतो तेव्हा एकदम येतो आणि नसतो तेव्हा महिनोन् महिने नसतो. नेमका नसण्याच्या महिन्यातच शाळेचा खर्च उभा राहतो.

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘संकल्प’ हा विषय दिला आहे. संकल्प म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एकटा माणूस येतो. पहाटे उठणारा, व्यसन सोडणारा, पै-पै साठवणारा. जमलं तर त्याच्या मनोबळाचं कौतुक होतं, नाही जमलं तर त्याच्या स्वभावाला दोष दिला जातो. वरोरपासून तलासरीच्या पाड्यांपर्यंतचा हा सगळा टापू पाहिला तर हे चित्र टिकत नाही. इथे जे लोक ठरवलेल्या गोष्टीपर्यंत पोचले, त्यांच्या मागे जवळजवळ प्रत्येक वेळी कोणीतरी विचारणारं होतं. आणि जिथे नुसतं विचारणारं होतं, अडचणीत हात देणारं नव्हतं, तिथे तेच विचारणं ओझं झालं, कधी फासही झालं. हिशेब मागण्याचा हक्क आधार देण्यातून मिळतो, हे या लेखाचं म्हणणं आहे. ते तपासण्यासाठी हाच टापू पुरेसा आहे, कारण गेल्या ऐंशी वर्षांत इथे या गोष्टीचे बरे-वाईट सगळे प्रयोग होऊन गेले आहेत.

सतरंजी, पेटी आणि वही

बचत गटाची बैठक बाहेरून पाहणाऱ्याला अगदी साधी दिसते. कोणाच्या तरी ओटीवर सतरंजी पडते, लोखंडी पेटी येते, वही उघडते. हजेरी होते. प्रत्येकीची बचत मोजून घेतली जाते आणि तिच्या पासबुकात व गटाच्या वहीत अशा दोन ठिकाणी लिहिली जाते. गेल्या बैठकीचा वृत्तांत वाचला जातो. मग कर्जाची मागणी. बारा जणींनी महिना शंभर रुपये टाकले तर वर्षाला १४,४०० रुपये जमतात. शहरातल्या माणसाला ही रक्कम किरकोळ वाटेल. पण ती पेटीत पडून राहत नाही, गटातच फिरते. अनेक गटांत शेकडा दोन रुपये व्याज घेतात आणि ते व्याजही गटाचंच राहतं. सुकी मासळी स्वस्त असताना घेऊन पावसाळ्यात विकणारीला, बर्फाचे आणि टेम्पोचे पैसे आगाऊ द्यावे लागणाऱ्या विक्रेतीला चार-पाच हजार रुपये वेळेवर मिळणं म्हणजे व्यापाऱ्याच्या उचलीतून त्या मोसमापुरती सुटका असते. उचल घेतली की माल त्यालाच घालावा लागतो आणि भावही तोच ठरवतो.

ही यंत्रणा उभी राहिली ती हळूहळू. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ साली स्थापन झालं. नाबार्डने १९९२ मध्ये पाचशे गट बँकांशी जोडण्याचा प्रयोग सुरू केला आणि तारणाशिवाय गरीब बायकांच्या गटाला कर्ज देता येतं हे बँकांना पटवलं. पुढे ‘उमेद’ अभियान आलं, त्याने गटांसाठी दशसूत्री घालून दिली. तिच्यातली पहिली पाच सूत्रं अशी: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब. बैठकीला पहिला मान दिला आहे, पैशाला दुसरा. हा क्रम फार विचारपूर्वक लावलेला आहे.

कारण खरं काम बैठकीत होतं, आणि ते कर्जाच्या मागणीच्या वेळी होतं. कर्ज मागणारी सगळ्यांसमोर सांगते की पैसे कशासाठी हवेत आणि कधी परत देणार. ऐकणाऱ्या बाहेरच्या नसतात. हिच्या घरची बोट दुरुस्तीला काढली आहे, तिच्या मुलीचं दहावीचं वर्ष आहे, तिसरीचा नवरा मजुरीचे पैसे घरी आणत नाही, हे त्यांना ठाऊक असतं. बँकेचा अधिकारी जे कागदावरून ताडू शकत नाही ते इथे बोलण्याआधीच कळलेलं असतं. म्हणून ‘एवढ्या हप्त्याला झेपेल का तुला?’ हा प्रश्न इथे अडवणुकीचा होत नाही. आणि दुसऱ्या महिन्यात ती आली नाही, तर बैठक संपल्यावर कोणीतरी तिच्या दारात जाऊन ‘का गं, बरं नाही का?’ असं विचारतं. हप्त्याची चौकशी आणि तब्येतीची चौकशी एकाच वाक्यात होते. वेगवेगळी करता येत नाही, हेच तिचं बळ.

इथे एक आक्षेप ताबडतोब येतो. गटात येणाऱ्या बायका मुळातच शिस्तीच्या असतात, यात गटाचं काय कर्तृत्व? आक्षेप योग्य आहे, आणि नुसत्या यशोगाथांनी तो खोडून निघत नाही. सुदैवाने त्याची परीक्षा झाली आहे. कोलकात्यात फायगेनबर्ग, फील्ड आणि पांडे या तीन अर्थतज्ज्ञांनी लघुकर्ज घेणाऱ्या नव्या गटांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी केली. काही गट दर आठवड्याला भेटत, काही महिन्यातून एकदा. स्वभावाने शिस्तीच्या आणि बेशिस्तीच्या बायका दोन्हीकडे सारख्याच वाटल्या गेल्या. पहिलं कर्ज फिटल्यावर दुसऱ्या कर्जासाठी सगळ्यांना एकच वेळापत्रक दिलं, तरी आधी दर आठवड्याला भेटलेल्या बायकांत कर्ज थकण्याचं प्रमाण साडेतीन पटींनी कमी निघालं. मधल्या काळात त्या एकमेकींच्या घरी जाऊ लागल्या होत्या, सणावारी बोलवू लागल्या होत्या. वारंवार भेटण्याने ओळखीचं नात्यात रूपांतर झालं आणि त्या नात्याने पुढच्या कर्जाचा भार उचलला. २०१३ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास वरोरच्या सतरंजीलाही लागू पडतो.

चिली देशातला दुसरा प्रयोगही असाच. तिथल्या छोट्या उद्योजकांना बचतीचं उद्दिष्ट गटात जाहीर करायला सांगितलं आणि दर आठवड्याला गटात त्याचा पाठपुरावा झाला. खात्यात पैसे भरण्याच्या वेळा साडेतीन पट झाल्या, शिल्लक जवळपास दुप्पट. त्याच काळात काहींना नेहमीपेक्षा बऱ्याच जास्त व्याजाचं खातं देऊन पाहिलं, तर बहुतेकांच्या बचतीत फारसा फरक पडला नाही. व्याजदराने जे साधलं नाही ते चार माणसांच्या ‘या आठवड्यात टाकलेस का?’ या प्रश्नाने साधलं.

नुसतं पाहून भागत नाही

तरीही ‘विचारणारं कोणी असलं की काम होतं’ एवढ्यावर थांबणं धोक्याचं ठरेल. क्षयरोगाच्या उपचाराचा इतिहास हे सर्वांत स्पष्ट दाखवतो. क्षयाची औषधं किमान सहा महिने घ्यावी लागतात. दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंगात ताकद येते आणि रोगी गोळ्या सोडतो. त्यावर उपाय म्हणून जगभर ‘डॉट्स’ आली. गोळी रोग्याने आरोग्य कर्मचाऱ्याच्या डोळ्यांसमोर गिळायची. भारतात १९९७ पासून ही पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि २००६ पर्यंत देशभर पोचली. डहाणू-तलासरीसारख्या कुपोषण असलेल्या, स्थलांतर करणाऱ्या आदिवासी भागात तिची गरज सांगायला नको.

या पद्धतीतला ‘डोळ्यांसमोर’ हा भाग वेगळा काढून तपासला गेला तेव्हा निष्कर्ष अनपेक्षित आला. दक्षिण आफ्रिका, पाकिस्तान आणि इतर देशांतल्या चाचण्या एकत्र करून कॉक्रेनच्या आढाव्याने दाखवलं, की नुसत्या देखरेखीने बरं होण्याचं प्रमाण स्वतः गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा फारसं वाढत नाही. दवाखान्यापर्यंतची पायपीट, बुडालेली मजुरी आणि रोज कोणासमोर तरी तोंड उघडून उभं राहण्याचा अपमान हे सगळं देखरेखीच्या खर्चात धरावं लागतं. मजुरी बुडवून गोळी घ्यायला जाणाऱ्याला आधी मजुरीचं काय, हे विचारायला हवं होतं.

दुसरी बाजूही आपल्याच देशात दिसली. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात झालेल्या अभ्यासात क्षयरुग्णांच्या घरातल्या माणसांना दरमहा तांदूळ आणि तूरडाळ दिली गेली. त्या घरांतल्या नव्या क्षयाचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. पोटभर जेवण हेच तिथे रोगाला अडवणारं ठरलं. केंद्र सरकारची निक्षय पोषण योजना २०१८ मध्ये महिना ५०० रुपयांनी सुरू झाली होती, नोव्हेंबर २०२४ पासून ती रक्कम १,००० झाली. पाड्यावर गोळ्यांची चौकशी करायला जाणाऱ्या आशा कार्यकर्तीच्या प्रश्नाला या हजार रुपयांमुळे वजन येतं. ‘गोळी घेतली का?’ हे विचारताना ‘जेवलात का?’ हे विचारण्याचं तोंड तिला राहतं.

अंगणात आलेली शाळा

डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर हेच सूत्र कितीतरी आधी सापडलं होतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडी सुरू केली. वस्तीतली दलित आणि आदिवासी मुलं येईनात. त्या काळी, आणि आजही, अशा वेळी पहिला निष्कर्ष काढला जातो तो पालकांच्या अनास्थेचा. ताराबाईंनी तो काढला नाही. मुलं येत नव्हती, म्हणून बालवाडी त्यांच्या अंगणात गेली. पुढे देशभर ज्या शब्दाने एका मोठ्या योजनेला नाव दिलं, तो ‘अंगणवाडी’ हा शब्द या अंगणातून आला.

१९५७ मध्ये काम कोसबाडला हललं आणि प्रश्न आणखी अवघड झाला. वारली पाड्यांवरची थोडी मोठी मुलं गुरं राखायला रानात जात, आणि मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन घरी राहत. शाळेच्या हजेरीपटावर ती गैरहजर. अशा गैरहजेरीवर दंड करून किंवा घरी शिपाई पाठवून काय मिळालं असतं? कोसबाडला दोन गोष्टी केल्या गेल्या. गुराख्यांसाठी शिक्षिका कुरणात गेल्या, गुरं चरत असताना तिथेच शिकवू लागल्या, ती कुरणशाळा. आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच छपराखाली आणून विकासवाडी उभी केली, म्हणजे कडेवरचं मूल पाळणाघरात ठेवून मोठ्या बहिणीला वर्गात बसता येईल. एवढं झाल्यावर मग ‘काल का आली नाहीस?’ हा प्रश्न विचारण्याला अर्थ आला. आधी अडचण उचलायची आणि मग हजेरी मागायची, हा क्रम अनुताईंनी १९९२ मध्ये निधन होईपर्यंत सोडला नाही.

या कामाची दखल सरकारने घेतली. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री मिळाली. अंगणवाडीची कल्पना देशभर गेली हे मोठंच. पण प्रवासात तिच्यातला नोंदवह्यांचा भाग जितका फुगला, तितका अडचण उचलण्याचा भाग फुगला नाही. अंगणवाडी सेविकेला किती रजिस्टरं भरावी लागतात हे कोणत्याही पाड्यावर पाहावं. तिला हिशेब मागणारे अनेक आहेत, तिचा भार वाटून घेणारे मोजके.

झरीला झालेला निश्चय

तलासरी तालुक्यातल्या झरी गावात २३ मे १९४५ रोजी सुमारे पाच हजार वारली जमले. त्याआधी जानेवारीत टिटवाळ्याच्या किसान सभेच्या परिषदेला या भागातले मोजकेच आदिवासी गेले होते. मधल्या चार-साडेचार महिन्यांत गोदावरी आणि शामराव परुळेकर आणि त्यांचे कार्यकर्ते पाड्यापाड्यांतून हिंडले होते. जमीनदार आणि जंगल ठेकेदारांच्या राज्यात वेठ फुकट होती, लग्नाच्या कर्जापोटी जन्मभर राबणारे लग्नगडी होते, मारहाण रोजची होती. झरीला ठरलं ते थोडक्यात असं: वेठबिगार करायची नाही, मालकाच्या खाजगी जमिनीवर दिवसाला बारा आणे रोख मजुरीशिवाय काम करायचं नाही, आणि मारहाण सोसायची नाही.

हा संकल्प एकट्याने करण्यासारखा नव्हताच. एक वारली वेठीला गेला नाही तर त्याला झाडाला बांधून फटके पडले असते. पाड्यातला एकही गेला नाही, शेजारच्या पाड्यातलाही गेला नाही, तेव्हा मालकाचा हात थांबला. म्हणजे इथे सामूहिक बांधिलकी हे मनोबळ वाढवण्याचं साधन नव्हतं, ती कृती शक्य होण्याची अटच होती. त्या वर्षी पावसाळ्यानंतर गवत कापणीच्या मजुरीसाठी, पाचशे पौंडांना अडीच रुपये मागत, संप झाला. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला पोलिसांनी जमावावर गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मरण पावले. संप मोडला नाही.

हातातोंडाची गाठ पडत नसलेल्या माणसांनी तो कसा टिकवला? खावटीचं धान्य सावकाराकडूनच येत होतं, तेव्हा उपाशी राहण्याची भीती गोळीइतकीच खरी होती. उत्तराचा एक भाग परुळेकरांच्या वागण्यात आहे. गोदावरीबाई वकिलीचं शिक्षण घेतलेल्या, पुण्याच्या सुखवस्तू घरातल्या. त्या झोपड्यांत राहिल्या, जे शिजलं ते जेवल्या, पायी हिंडल्या. त्यांनी ‘तुम्ही ठरवलंत ना?’ असं विचारलं तेव्हा विचारणारी व्यक्ती त्याच चुलीवरचं खाणारी होती. दुसरा भाग पाड्यांत आधीपासून होता. लावणी, घरबांधणी, लग्न, मर्तिक यांत एकमेकांच्या हाताशिवाय कोणाचंच भागत नसे. चळवळीने नवी शिस्त आणली ती या जुन्या देण्याघेण्यावर कलम करून.

ऐक्याला दुसरी बाजू असते हे नाकारता येत नाही. ठराव मोडून कामावर जाणाऱ्यावर दबाव येतो, तो कधी क्रूर असतो. गावकीच्या बैठकीने माणसं वाळीत टाकल्याच्या घटना कोकणात इतक्या घडल्या, की महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला आणि तो जुलै २०१७ पासून लागू झाला. त्यामुळे समूह म्हणजे चांगलाच असं मानायचं कारण नाही. झरी आणि वाळीत टाकणारी गावकी यांत फरक करायचा तो एका कसोटीवर: जो चुकला त्याच्यासाठी परत येण्याची वाट उघडी आहे का, आणि जो विचारतो त्यालाही विचारता येतं का?

दारात बसलेल्या बायका

ही कसोटी लावली की गटकर्जाचा प्रश्न स्पष्ट होतो. खाजगी लघुवित्त कंपन्यांची माणसं आज पालघर जिल्ह्यातल्या गावागावांत येतात. पाच-दहा बायकांचा गट, ठरलेल्या वारी बैठक, हप्त्याची वसुली. वरवर पाहिलं तर बचत गटासारखंच सगळं. तीच सतरंजी, तीच हजेरी. पण पैसा बाहेरचा, व्याज बाहेर जाणारं आणि वेळापत्रकही बाहेर ठरलेलं. एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांनी भरायचा, म्हणून त्या तिच्या दारात जाऊन बसतात. आजारी असेल, मासे मिळाले नसतील, तरी बैठक उठत नाही. शेजारीण वसुली करणारी होते. आधार मागे राहतो आणि जामिनकी तेवढी उरते.

आंध्र प्रदेशात २०१० मध्ये यातून झालेल्या आत्महत्यांच्या बातम्यांनी देश हादरला आणि तिथल्या सरकारला अध्यादेश काढावा लागला. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये नियम कडक केले. कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक रक्कम हप्त्यांत जाऊ नये असं ठरलं, आणि कर्जदाराच्या नातेवाइकांना वा मित्रांना त्रास देणं हा जुलमी वसुलीचा प्रकार मानला गेला. गटाच्या जामिनकीचा गाजावाजा जिथून सुरू झाला त्या बांगलादेशच्या ग्रामीण बँकेनेही १९९८ च्या महापुरानंतर आपली रचना बदलताना जामिनकीची अट काढून टाकली. बैठका मात्र ठेवल्या. फिलिपिन्समधल्या एका बँकेत जिने आणि कार्लन यांनी चालू गटांतली सामूहिक जामिनकी चिठ्ठ्या टाकून काढून घेतली, तर परतफेड ढासळली नाही. म्हणजे इतकी वर्षं ज्या भीतीला परतफेडीचं श्रेय दिलं जात होतं, ती भीती वजा केली तरी काम चालू राहिलं. भेटणं, ओळख आणि नियमितपणा शिल्लक होता, आणि तेवढं पुरेसं होतं.

चार माणसांत संकल्प बोलून दाखवला की तो निम्मा झाला असं मानणाऱ्यांनाही सावध करायला हवं. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी २००९ मध्ये दाखवलं, की ‘मी अमुक होणार’ हे लोकांना कळलं, की ते झाल्याचंच समाधान काही अंशी मिळतं आणि मेहनत घटते. वरोरच्या बैठकीत बचत करणारी ‘मी मोठी उद्योजिका होणार’ असं जाहीर करत नाही. ती शंभर रुपये सतरंजीवर ठेवते. जाहीर होतं ते काम, आणि तेही केल्यानंतर.

थोरांनाही कोणीतरी विचारावं

सगळ्यांत टोकदार आक्षेप उरतो. गरीब बाईने चार-पाच हजारांसाठी बाराजणींसमोर कारण सांगायचं, आणि शहरातला पगारदार मोबाइलवर दहा मिनिटांत लाखाचं कर्ज घेणार. शिस्त गरिबांनाच का? हा आक्षेप मनाला लागतो, लागायलाच हवा. पण पगारदाराकडे शिस्तीला टेकू देणारी यंत्रणा नाही असं नाही, ती फक्त डोळ्यांना दिसत नाही. भविष्यनिर्वाह निधीचे बारा टक्के पगार हातात येण्याआधीच कापले जातात आणि मालकाला तेवढीच भर घालावी लागते. घराचा हप्ता खात्यातून आपोआप जातो. आजारपणासाठी विमा, रजेसाठी पगार. मनोबळ खर्चावं लागू नये अशी सगळी तजवीज आहे, आणि मग हा माणूस स्वतःला काटकसरी समजतो. मासे विकणाऱ्या बाईसाठी ही तजवीज कोणी केली नाही म्हणून तिने आणि तिच्या शेजारणींनी ती सतरंजीवर केली. तिचा अपमान बैठकीत नाही. बैठकीशिवाय तिच्यासाठी दुसरं काहीच ठेवलेलं नाही, यात आहे.

आणि हिशेब वरच्या दिशेनेही मागता येतो, याचं उदाहरण डहाणूतच आहे. २० जून १९९१ रोजी हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने डिसेंबर १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले. डहाणूच्या औष्णिक वीजकेंद्राच्या धुरातला गंधक काढणारी यंत्रणा बसवा, असा आदेश प्राधिकरणाने १९९९ मध्ये दिला. कंपनीने टाळाटाळ केली. प्राधिकरण विचारत राहिलं. २००५ मध्ये ३०० कोटी रुपयांची बँक हमी मागितली. २००७ मध्ये यंत्रणा सुरू झाली. आठ वर्षं लागली. या आठ वर्षांत प्राधिकरणाच्या सुनावण्यांना कागद घेऊन येणारे स्थानिक लोक होते, ते नसते तर आदेश फाइलीतच राहिला असता.

त्याच प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवण बंदराला नकार दिला होता, आणि धर्माधिकारींच्या २०१९ मधल्या निधनानंतर, ३१ जुलै २०२३ रोजी, नव्या रचनेतल्या प्राधिकरणाने परवानगी दिली. १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटींच्या बंदराला मंजुरी दिली. बंदराला महामार्गाशी जोडणारा बत्तीस किलोमीटरचा रस्ता वरोरहून तव्यापर्यंत जायचा आहे. वरोरच्या गटातल्या बाईने वर्षाची बचत किती आणि कर्ज किती हे काटेकोर ठरवावं, आणि तिच्या घरचा समुद्र उद्या कोणाच्या ताब्यात असेल हे मात्र तिच्या कोणत्याच बैठकीत ठरू नये, हा गटाच्या शिस्तीचा दोष नाही. शेजारणींच्या आधाराची ताकद इथे संपते, आणि हे स्पष्ट सांगितल्याशिवाय बचत गटांचं गुणगान करणं अप्रामाणिकपणाचं होईल. रोजगार, नुकसानभरपाई आणि मासेमारीच्या हक्कांबद्दल दिलेल्या आश्वासनांची वही कोणाच्या पेटीत आहे, आणि ती उघडायला लावणारा तेवढाच चिवट विचारणारा आता कोण आहे, हे वरोरला कळायला हवं.

दिवाळीनंतर

किनाऱ्यावरून पूर्वेकडे, तलासरीच्या डोंगराळ पाड्यांकडे गेलं की गटाची आणखी एक मर्यादा दिसते. भात झोडून झालं की पाडे रिकामे व्हायला लागतात. कोणी भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर, कोणी गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून, कोणी बांधकामावर. भट्टीवरची कुटुंबं आगाऊ उचल घेऊन जातात, आणि ती फिटेपर्यंत, म्हणजे पावसाच्या तोंडापर्यंत, परतत नाहीत. गटाच्या वहीत या महिन्यांपुढे रकाने रिकामे राहतात. दर महिन्याला भेटणं ज्याच्या मुळाशी आहे ती रचना सात महिने न भेटणाऱ्यांसाठी उपयोगाची कशी करायची?

काही उत्तरं इथल्याच मातीत सापडली आहेत. कोसबाडने शाळा कुरणात नेली तशी विधायक संसद या संस्थेने नव्वदच्या दशकात वीटभट्टीवरच्या मुलांसाठी शाळा भट्टीवरच नेली. भट्टीवरच्या झोपडीला भोंगा म्हणतात, म्हणून ती भोंगाशाळा. मग गटाची बैठक भट्टीवर का जाऊ नये? एकाच पाड्यातल्या बायका बहुतेक वेळा एकाच मुकादमाबरोबर, एकाच भट्टीवर जातात. त्यांची पासबुकं बरोबर गेली, बचत भट्टीवर मिळणाऱ्या आठवड्याच्या खर्चीतून टाकली गेली, पाड्यावर मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांची खबर फोनवरून गटातली कोणी देत राहिली, तर वही बंद पडणार नाही. गटाचं मूल्यांकन करणाऱ्या अधिकाऱ्यांना मात्र महिन्याच्या ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या गावात, ठरलेली हजेरी हवी असते. स्थलांतर करणारा गट त्यांच्या तक्त्यात ‘अनियमित’ ठरतो, आणि अनियमित गटाला फिरता निधी आणि बँकेचं कर्ज मिळायला अडचण येते. ज्यांना आधाराची सर्वांत जास्त गरज, त्यांनाच नियमाने बाहेर ठेवलं जातं. ताराबाईंनी बोर्डीत बसून मुलांच्या गैरहजेरीचे शेरे मारले असते तर जे झालं असतं, तेच इथे होतं आहे.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा तलासरीच्या फाट्यांवर ट्रक यायला लागलेले असतील. मागच्या फळीवर गोणपाटात गुंडाळलेली भांडी, कोंबड्यांची टोपली, कडेवर पोरं. पासबुक कोणी बरोबर घेतलं असेल, कोणी शेजारणीकडे ठेवून दिलं असेल. ज्यांनी शेजारणीकडे ठेवलं, त्या जाताना तिला सांगतील: मी येईपर्यंत माझं नाव वहीतून काढू देऊ नको.